बाळाची ऊब आणि बाळाचा श्वास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



मला बोलावयास विषय दिला आहे तो 'बाळाचे पांघरूण' हा. एवढ्याशा गोष्टीवर भाषण ते कसले करावयाचे, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. पण गेल्या बैठकीत याच एवढ्याशा गोष्टीवरून आपण दीड तास वाद घातला, हे ज्या हजर होत्या त्यांना आठवत असेल. गरजू बाळंतिणीला मंडळातर्फे एकेक बाळंतविडा द्यावा असे ठरले. तो आपल्याच शिवणवर्गाने शिवावा, हेही बिनविरोध ठरले. मग यादी वाचली गेली. दोन झबली, सहा लंगोट, एक टोपडे, एक कुंची, एक मोठे दुपटे, मोहरीची उशी आणि कापूस भरलेली लहानशी दुलई. यादी संपते न संपते तोच कोणी म्हणाल्या, उशी नको. त्यावर कोणी विचारले, मग डोक्याला गोलाई यावी कशी? दुलईवर तर सरळ दोन तट पडले. एक तट सासवांचा आणि एक सुनांचा, असे मी म्हणणार नाही, कारण एक सासूबाई सुनांच्या बाजूने बसल्या होत्या! शेवटी याचा एकदा काय तो उलगडा व्हावा म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली.

प्रथम दुपट्याची बाजू मांडते, कारण त्याच्यावर अलीकडे विनाकारण टीका होते. न्हाऊ-माखू झाल्यावर बाळाला मऊ लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळले की ते कसे निवांत झोपते, हे इथे कोणाला सांगावयास नको. त्याचे कारणही साधे आहे. नऊ महिने ते पोटात अंग आवळून होते. बाहेर आल्यावर हात फेकला तर तो कुठे टेकत नाही. जरा खुट्ट झाले की दोन्ही हात फाकून बाळ दचकते आणि आपल्याच दचकण्याने जागे होऊन रडते. या दचकण्याला डॉक्टर मंडळी मोरो यांचे नाव देतात, कारण एर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली त्याचे वर्णन केले. आपल्या आज्यांना मोरो ठाऊक नव्हता, दुपटे ठाऊक होते. तीन-चार महिन्यांत हे दचकणे आपोआप ओसरते. म्हणजे दुपट्याची खरी गरज तेवढीच असते.

पण कोणतीही चांगली रीत अती झाली की तिचे दुखणे होते. युरोपात एके काळी तान्ह्या मुलांना पट्ट्यांनी असे आवळत की मूल म्हणजे गाठोडेच होई. दाया ते गाठोडे खुंटीला अडकवून आपल्या कामाला लागत. रूसो या फ्रेंच विचारवंताने १७६२ साली आपल्या 'एमील' ग्रंथात त्यावर कडाडून टीका केली. आपल्याकडे खुंटी नव्हती, परंतु 'पाय वाकडे राहतील' म्हणून दोन्ही पाय सरळ ताणून, घोटे जुळवून, वरून सुती पट्टी बांधणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्याविषयी पुढे बोलणारच आहे.

आता मुद्द्यावर येते. माझे म्हणणे असे की, बाळाच्या पांघरुणाचा वाद मिटत नाही याचे कारण आपण दोन वेगळ्या वयांची बाळे एकाच दुपट्यात गुंडाळतो. पहिल्या महिन्याचे बाळ, त्यातून कमी वजनाचे, त्याचा वैरी गारठा. दोन महिन्यांपुढचे, अंगाने भरलेले बाळ, त्याचा वैरी कोंडलेला श्वास. सासूबाई पहिल्या वैऱ्याविषयी बोलतात, सूनबाई दुसऱ्याविषयी. दोघींचेही खरे आहे, आणि म्हणूनच दोघी भांडतात.

पहिला वैरी आधी घेऊ. बाळ ओले जन्मते, चरबी कमी असते, डोके मोठे आणि अंग लहान, त्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाते. मोठे माणूस थंडीत कुडकुडून तरी ऊब आणते. नवजात बाळाला कुडकुडताही येत नाही. त्याच्या अंगाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावयास हवे. ते उतरले की बाळ मलूल होते, दूध ओढत नाही. दूध नाही म्हणून आणखी गार पडते. हे चक्र एकदा सुरू झाले की फार वेळ देत नाही. आपल्याकडे पौषात पहाटे पत्र्याच्या घरात काय गारठा असतो ते तुम्ही जाणता, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाच्या घरात जातो तेही जाणता. पण गंमत अशी की, उन्हाळ्यातसुद्धा कूलरच्या झोतात ठेवलेले अडीच किलोच्या आतले बाळ गार पडू शकते.

याबाबत आपल्या विदर्भातच जे काम झाले त्याचा मला अभिमान वाटतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था काढली. १९९३ पासून त्यांनी तिथल्या खेड्यांत नवजात बाळांची नोंद ठेवली. १९९५-९६ साली पाहणीतल्या शंभरांपैकी बेचाळीस बाळांचे वजन जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरले. इस्पितळ दूर, वाट जंगलाची. तेव्हा त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवले. त्यांतल्या काही जेमतेम शाळा शिकलेल्या. बाळ कसे पुसावे, कसे तोलावे, श्वास कसे मोजावेत, आईचे दूध कसे पाजावे आणि बाळ उबदार कसे ठेवावे, हे त्या शिकल्या. त्यांच्या पिशवीत वजनकाटा होता, तापमापक होता आणि बाळाला घालून ठेवण्यासाठी शिवलेली एक उबदार झोपपिशवीही होती. बंगला नाही, यंत्र नाही. एक शिवलेली पिशवी! पूर्वी त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात. तीन वर्षांत तो आकडा पंचविसाच्या आसपास आला. नुसत्या पिशवीने हे झाले असे कोणी समजू नये. जंतुदोषावरील औषधे, श्वास देण्याची युक्ती, दूध, स्वच्छता, सगळे मिळून झाले. १९९९ साली इंग्लंडातील 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ही हकीकत छापली, आणि २०११ पासून भारत सरकारने हेच काम देशभरच्या आशाताईंकडे सोपवले. आपल्या गल्लीत बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते ना, तिच्या पिशवीचे माहेर गडचिरोलीला आहे. (घरी बाळंतपण झाले असेल तर ती पहिल्या दिवशीही येते.) २०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे घेतले, त्यांत गडचिरोलीच्या पंक्तीला आपले वाशीमही आहे. तेव्हा तिथला धडा आपल्याला परका नाही.

तिला 'कशाला आलीस गं रोज रोज' म्हणू नका. तिच्याकडून एक गोष्ट शिकून घ्या. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावावयाची आणि मग तळपायाला. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजू लागली आहे. लगेच ऊब द्या. दोन्ही गार, तर घरच्या उपायांवर वेळ घालवू नका. बाळ आईच्या छातीशी धरा आणि १०२ किंवा १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

आणि ऊब द्यावयाची ती कशाने? इथे माझे मत स्पष्ट आहे. लहान बाळाला आईच्या अंगासारखी दुसरी शेगडी नाही. बाळाला नुसता लंगोट आणि टोपडे घालून आईच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असे उभे ठेवावयाचे आणि दोघांना मिळून वरून लुगड्याने किंवा शालीने बांधावयाचे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एदगर रेय यांनी १९७८ साली ही रीत सुरू केली. इस्पितळात काचेच्या पेट्या कमी आणि बाळे फार, असे झाले होते. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतो म्हणून तिला कांगारू पद्धत म्हणतात. पुढे भारतासह पाच देशांत मोठी तपासणी झाली. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर असे छातीशी धरले, तर पेटीत ठेवून नंतर धरलेल्या बाळांपेक्षा मृत्यू एकचतुर्थांशाने कमी झाले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. हे आईनेच करावे असे नाही. आजी करू शकते, बापही करू शकतो. हसू नका! बापाच्या छातीतही तेवढीच ऊब असते.

बाजेखालच्या शेगडीविषयी मात्र मला कठोर बोलावेच लागेल. दार-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून, आत कोळशाची शेगडी. त्यात ओवा-शेपा-वेखंडाची धुरी. कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो आई-बाळ दोघांनाही झोपेतच गाठतो. धुरीने बाळाचे कोवळे फुप्फुस काजळते ते वेगळेच. ओवा काय, शेपा काय, मसाल्याच्या डब्यात शोभतात. शेक घ्यावयाचाच तर आईने दिवसा, खिडकी उघडी ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत असताना घ्यावा. आणि जन्मल्याबरोबर आंघोळ नको. निदान चोवीस तास नुसते कोरडे पुसून ठेवावे, असे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आता दुसरा वैरी. हा चोरपावलांनी येतो.

बाळ रात्री दूध पिऊन चांगले झोपते आणि सकाळी उठत नाही. ताप नाही, खोकला नाही. आपल्याकडे म्हणतात दृष्ट लागली, सटवाईने नेले. किंवा याहून वाईट म्हणजे, 'आईच्या अंगाखाली आले असेल' असे कुजबुजतात, आणि ती बाई पुढे चार लेकरांची आई झाली तरी ते बोलणे तिला सोडत नाही. पाश्चात्त्य देशांत अशा मृत्यूंचा पुष्कळ अभ्यास झाला. ते सर्वांत अधिक दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात असे दिसले. आणि एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. तिकडे १९५० नंतरच्या काळात बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला मोठमोठे डॉक्टर देत असत; बाळ-संगोपनाच्या पुस्तकाने घराघरांत पोहोचलेले डॉ. बेंजामिन स्पॉकही त्यांत होते. पालथे बाळ मान उचलू शकत नाही, आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेते, अंगही तापते. १९९१ साली इंग्लंडात आणि पाठोपाठ अमेरिकेत 'बाळाला उताणे झोपवा' अशी मोहीम निघाली, आणि काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. नवे औषध नाही, लस नाही; फक्त कूस बदलली. आपल्या आज्या तर बाळाला पहिल्यापासून उताणेच निजवीत आल्या. काही बाबतींत आपण पुढारलेलेच होतो, फक्त कोणी विचारले नाही!

इथे हमखास विचारतात, उताणे असताना दूध उलटले तर ठसका लागणार नाही का? नाही लागत. बाळ उताणे असले की श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली राहते. उलटलेले दूध वजनाने खालच्या नळीत परत जाते. पालथे असले की नेमके उलटे होते. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग उताणे निजवा, म्हणजे झाले.

तर या वयाच्या बाळाजवळ मऊ, सैल असे काहीही नको. दुलई नको, जाड गोधडी नको, उशी नको, कापसाच्या बाहुल्या नकोत. बाळ पाय झाडते, पांघरूण वर सरकते, तोंडावर येते. हाताने दूर सारावे एवढी समज त्या वयात नसते. दुपट्यात हात बांधलेले असतील तर सारावे कशाने? आणि ज्या दिवशी बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागेल, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, त्या दिवसापासून गुंडाळणे बंद. गुंडाळलेले बाळ पालथे पडले तर त्याला परत फिरता येत नाही. या एका वाक्यासाठी मी आज इथे उभी आहे असे समजलात तरी चालेल.

मोहरीच्या उशीवर माझ्या मैत्रिणींचा जीव आहे, तेव्हा जपून बोलते. उशीने मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि बाळाची श्वासनळी आधीच कोवळ्या देठासारखी, ती दबते. शिवण उसवली तर मोहरी नाका-तोंडात जाते ते वेगळे. डोक्याच्या गोलाईसाठी उपाय आहे आणि त्याला पैसा पडत नाही. निजवताना एक दिवस तोंड उजवीकडे, एक दिवस डावीकडे करावे. आणि बाळ जागे असताना, आपण समोर बसून, दिवसातून दोनचार वेळा पोटावर पालथे ठेवावे. त्याने मानही बळकट होते. त्या मोहरीची आपण फोडणी करू.

आता पायांविषयी. जन्मतः खुब्याची वाटी उथळ असते. पाय बेडकासारखे वाकलेले आणि फाकलेले राहिले की मांडीचे डोके वाटीत नीट बसून वाटी खोल होते. पाय सरळ ताणून बांधले की ते वाटीतून सटकू पाहते. अशी मुले पुढे लंगडत चालतात. जपानात नवजात बाळांचे पाय सरळ करून बांधण्याची रीत होती. १९७५ च्या सुमारास तिथे डॉक्टरांनी देशभर मोहीम काढली आणि आज्यांना समजावले. पूर्वी शंभरात एक ते साडेतीन मुलांना हे दुखणे होई; ते हजारात दोनवर आले. म्हणून बाळ गुंडाळावयाचेच तर छातीभोवती इतपत की आपली दोन बोटे आत जावीत, आणि कंबरेखाली इतके सैल की त्याने मनसोक्त लाथा झाडाव्यात. मूल मोठे झाल्यावर कडेवर घेण्याची आपली जी रीत आहे, ती खुब्याला फार मानवते. पाय वाकडे राहतील ही धास्ती सोडा. तान्हेपणी वाकडे असलेले पाय चालू लागल्यावर आपोआप सरळ होतात.

झोळीविषयी बोलले नाही तर ज्यांच्यासाठी हा बाळंतविडा आहे त्यांच्याविषयीच बोलले नाही असे होईल. सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाईला तुम्ही 'बाळ सपाट, टणक अंथरुणावर निजवावे' असे सांगून पाहा. ती म्हणेल, 'बाई, धुऱ्यावर कुठलं आलं अंथरूण? खाली इच्चू-काटा, मुंगळे. लेकराले बाभळीले टांगू नाही त काय करू?' तिचे चुकत नाही. झोळीने आजवर हजारो लेकरे विंचवा-सापापासून वाचवली आहेत. धोका एवढाच की, लुगड्याची झोळी खोल होते, बाळ त्यात दुमडते, हनुवटी छातीला लागते, आणि दोन्ही काठ तोंडावर मिटतात. म्हणून झोळीच्या दोन्ही टोकांना आडवी काठी घालून ती फाकवावी. म्हणजे तळ पसरट राहतो आणि तोंड उघडे दिसते. वरून पदर टाकावयाचा तर ऊन येते त्या बाजूने, फांदीवर. बाळाच्या अंगावर नव्हे. थोरल्या पोरीला पाळतीला बसवावे, पण तिला नुसते 'हलव' असे न सांगता 'तोंड पाहत राहा' असेही सांगावे. आणि घरी आल्यावर रात्रभर झोळीतच ठेवू नये. रात्री आपण झोपतो, पाळत झोपते.

घरातही तेच. निराळा पाळणा, निराळी खोली ही तिकडची चैन. आपल्या एका खोलीत आई, बाप, दोन लेकरे आणि तान्हे, एवढी वस्ती. बाळाने आईजवळ असणे रात्रीच्या दुधासाठी बरेच आहे. फक्त त्याची जागा आखून द्यावी. आईच्या एका अंगाला, जमिनीवर, दुहेरी घडीची सतरंजी आणि वर ताणलेली चादर, बस्स. आईच्या पांघरुणात नको. बापाच्या आणि आईच्या मध्ये नको, आणि थोरल्या भावंडांच्या शेजारी तर नकोच. ती झोपेत लाथा मारतात. घरात कोणी दारू घेत असेल तर त्याच्या अंथरुणापासून बाळ दूर. विडी-सिगारेटचा धूर असलेल्या घरात हा अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे शंभरदा सिद्ध झाले आहे. तेव्हा विडी अंगणात. मच्छरदाणी जरूर लावावी, पण कडा सतरंजीखाली खोचून, म्हणजे ती बाळाच्या तोंडाशी येत नाही. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी रात्री काढून ठेवावी. दृष्टीचे भय फारच वाटत असेल तर कंबरेला करदोटा आहेच, तो कोणाचा गळा आवळत नाही.

तर मग थंडीत पांघरूण घालावयाचे कोणते? दुलई नाही, गोधडी नाही, आणि चार महिन्यांपुढे दुपटेही नाही. बाळाने कुडकुडावयाचे की काय? याचे उत्तर म्हणजे अंगात घालावयाचे पांघरूण. विनाबाह्यांचे लांब झबले समजा, पण खालून बंद. हात मोकळे, गळा नीट बसलेला, आणि पाय एका रुंद पिशवीत. ते लाथांनी उघडत नाही, तोंडावर सरकत नाही. युरोपात अशा पिशव्या पुष्कळ वर्षे वापरात आहेत. नेदरलँड्समधील पाहणीत, सुती झोपपिशवीत निजणाऱ्या बाळांना धोका कमी असल्याचे १९९८ साली आढळले. दुकानांत हल्ली त्या मिळतात, किंमत विचारू नका. काहींत बाळ शांत राहावे म्हणून वजनाचे मणी भरलेले असतात. ते फुकट दिले तरी घेऊ नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली त्यांना साफ नकार दिला आहे, कारण छातीवर वजन ठेवून बाळाने श्वास घ्यावयाचा ही कल्पनाच उफराटी.

ही वस्तू आपल्याला अगदी नवी मात्र नाही. बारशाला येते ती कुंची म्हणजे डोक्यावरून पाठीवर उतरणारे, अंगात घालावयाचे पांघरूणच की! आपल्या आजीबाईंनी अर्धी वाट चालून ठेवली आहे. पण कुंचीचे बंद हनुवटीखाली येतात आणि झोपेत ती डोळ्यांवर उतरते. म्हणून कुंची बारशाला, देवळात जाताना, फोटोला, झोपताना नको. टोपड्याचेही तसेच. पहिला महिना आणि कमी वजन असेल तर टोपडे हवे. पुढे रात्री घरात डोके उघडे असू द्यावे, कारण जास्तीची उष्णता बाळ डोक्यावाटेच बाहेर टाकते. बाळ फार तापले का, हे हात-पाय पाहून कळत नाही. मानेखाली बोटे घालून पाहावे. घाम लागला तर एक कपडा कमी करावा. आपल्या अंगावर जेवढे कपडे, त्याहून एक जास्त, हा ढोबळ हिशेब पुरे.

म्हणून बाळंतविड्याच्या यादीत मी असा फेरबदल सुचवते. उशी आणि दुलई काढावी. दुपटी एकाऐवजी दोन द्यावीत, पण पातळ, आणि ती कशी व कधीपर्यंत गुंडाळावयाची हे देताना हातांनी करून दाखवावे. छापील कागदाने काम होणार नाही. कुंची राहू द्यावी, आजीचे मन राहते. आणि झोपपिशव्या दोन. एक मलमलीची उन्हाळ्यासाठी, एक दुहेरी फलाणीची हिवाळ्यासाठी. दुलईला लागणारा कापूस आणि अभ्रा यांचा खर्च वाचतो, त्यात एका पिशवीचे कापड येते. चार किलोंच्या खालच्या बाळाला मात्र ही आपली पिशवी घालावयाची नाही. ते गळ्यातून आत घसरू शकते. त्याला आईची छाती आणि आशाताईची देखरेख. हे पिशवीच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याने 'चार किलोंनंतर' असे टाचून द्यावे.

शिवणवर्गाच्या मुलींसाठी चार शब्द. खांद्यापासून तळापर्यंत लांबी ५५ सेंटिमीटर ठेवा, तळाची रुंदी ४०, म्हणजे पाय फाकवता येतात. गळा बेताचा, घातल्यावर एक बोट सहज जावे, पण डोके आत घसरता कामा नये. काखेचे भोकही मोठे नको, नाहीतर बाळ हात आत ओढून घेते. उघडझाप खांद्यावर ठेवा, पुढे छातीवर नको. बंद, नाड्या, रिबिनी, मणी, झालर, टिकल्या यांतले काहीही नको, कितीही गोजिरे दिसले तरी. जुनी लुगडी सर्वांत उत्तम, कारण ती धुऊन धुऊन मऊ झालेली असतात आणि त्यांचा रंग जात नाही. पण काठ आणि जर काढून घ्या, ती कोवळ्या कातडीला खरबडते. शिवण बाहेरच्या अंगाला, बाळाच्या अंगाला गुळगुळीत बाजू. टिचबटणे चपटी घ्या आणि प्रत्येक बटण दुहेरी दोऱ्याने टाचून, पिशवी देण्यापूर्वी जोराने ओढून पाहा. एक निघाले तरी ती पिशवी परत मशीनवर.

पहिल्या वीस पिशव्यांचे कापड माझ्याकडे जमा झाले आहे. फलाणी अजून कमी पडते आहे. सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी जुनी लुगडी आहेत त्यांनी तीत नाव आणि नग लिहून जावे, आणि ज्यांना मशीन चालवता येते त्यांनी वारही लिहावा.